घरचं बीपी, शुगर आणि वजन दवाखान्यातून पाहायचं कसं: पहिल्या २० रुग्णांची तयारी

मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी होणं) असलेला माणूस महिन्यातून एकदा दवाखान्यात येतो. मधले दिवस त्याचं काय चाललंय हे दवाखान्याला कळत नाही. रुग्णाने घरी मोजायचं, आकडा दवाखान्याला कळवायचा आणि दवाखान्याने त्यावर ठरलेलं काम ठरलेल्या वेळेत करायचं, एवढीच ही पद्धत. तालुक्याच्या गावी एक डॉक्टर, एक नर्स आणि एक साधा स्मार्टफोन असेल तरी ती सुरू होते. हा लेख अशा दवाखान्यांसाठी आहे. घरच्या माणसांनाही यातला मोजमापाचा भाग जसाच्या तसा वापरता येईल.

बहुतेक ठिकाणी सुरुवात यंत्रखरेदीने होते आणि काम तिथेच अडतं. यंत्र शेवटी घ्यावं. आधी आकडा पाहणारा माणूस नेमावा. हार्ट फेल्युअरवरचे दोन मोठे अभ्यास शेजारी ठेवले की याचं कारण कळतं. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टेली-एचएफ अभ्यासात १,६५३ रुग्ण होते. दूरदेखरेखीच्या गटातल्यांनी रोज फोन करून रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची होती. पुन्हा भरती होण्यात किंवा मृत्यूत काहीच फरक पडला नाही. या गटातल्या १४ टक्के रुग्णांनी तो फोन एकदाही केला नाही आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून निदान तीनदा फोन करणारे ५५ टक्केच उरले. जर्मनीतल्या टीआयएम-एचएफ२ अभ्यासात १,५७१ रुग्ण होते. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. तिथे आकडे पाहायला चोवीस तास डॉक्टर आणि नर्स होते, आणि गरज पडली की तेच रुग्णाला फोन करत. त्या गटातल्या रुग्णांचे रुग्णालयात गेलेले दिवसही कमी झाले आणि मृत्यूही. दोन्हीकडे वजन मोजलं जात होतंच.

चोवीस तासांचं केंद्र छोट्या दवाखान्याला परवडणार नाही. रोज सकाळचा पाऊण तास मात्र परवडतो. तो कोणाचा, हे आधी ठरवा.

पहिला आठवडा: माणूस, वेळ, फोन

एका नर्सचं नाव ठरवा आणि तिच्या रजेच्या दिवशी काम कोण पाहणार त्याचंही नाव तेव्हाच लिहून ठेवा. पर्यायी माणूस नसेल तर दिवाळीच्या सुट्टीत व्यवस्था कोलमडते, आणि एकदा उत्तर आलं नाही की रुग्ण पुन्हा आकडा पाठवायचा कंटाळा करतो. वेळ ठरवताना ओपीडी सुरू होण्याआधीची ठेवा, समजा ९ ते ९.४५. ओपीडीच्या गर्दीत मधूनमधून पाहू म्हटलं तर ते होत नाही.

फोन आणि सिम दवाखान्याचं वेगळं असावं. नर्सच्या किंवा डॉक्टरांच्या खासगी नंबरवर आकडे मागवू नयेत. माणूस नोकरी सोडून गेला की सगळा इतिहास त्याच्याबरोबर जातो. फोनला लॉक लावा. सर्व रुग्णांचा मिळून व्हॉट्सॲप ग्रुप चुकूनही काढू नका. एकाची शुगर दुसऱ्याला कळणं हा गोपनीयतेचा भंग आहेच, शिवाय ग्रुपवर रुग्ण एकमेकांना गोळ्या सुचवू लागतात. प्रत्येकाशी स्वतंत्र संवाद ठेवा आणि आलेला आकडा त्याच दिवशी वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. चॅटमध्ये पडलेला आकडा दोन महिन्यांनी कोणालाच सापडत नाही.

संमती लेखी किंवा रुग्णाच्या मेसेजमधून घ्या. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने काढलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संवाद रुग्णाने सुरू केला तर त्याची संमती गृहीत धरता येते. डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने सुरू केला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. तुमची नर्स स्वतःहून फोन करणार आहे, म्हणजे स्पष्ट संमती हवीच. याच सूचनांतली आणखी एक गोष्ट वेळापत्रकात बसवावी लागते: त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासणी होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ लोटला नसेल तरच पुढचा दूरसंवाद ‘फॉलो-अप’ धरला जातो, आणि फोनवर कोणती औषधं लिहिता येतील हे त्यावर ठरतं. म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे शेवटच्या प्रत्यक्ष तपासणीची तारीख लिहा आणि पाचव्या महिन्यातच बोलावून घ्या.

संमतीपत्रावर एक वाक्य मोठ्या अक्षरात असू द्या: ‘हा नंबर तातडीच्या उपचारांसाठी नाही, छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची शक्ती जाणं किंवा शुद्ध हरपणं असं झाल्यास १०८ ला फोन करावा.’ रात्री पाठवलेल्या मेसेजवर निळी खूण दिसली की डॉक्टरांनी पाहिलं असं घरचे समजतात. हे वाक्य नातेवाइकांकडून मोठ्याने वाचून घ्या.

कोणाला घ्यायचं

सगळ्यांना घेऊ नका. पहिल्या २० जणांत साधारण १२ रक्तदाबाचे घ्या, ज्यांचं औषध नुकतंच बदललंय किंवा तीन गोळ्या घेऊनही बीपी वर आहे. चार जण मधुमेहाचे, इन्सुलिनवर असलेले किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे वयस्कर. यांची शुगर अचानक खाली जाण्याची भीती असते. आणि चार हार्ट फेल्युअरचे, रुग्णालयातून घरी येऊन महिना न झालेले, कारण पुन्हा भरती होण्याचा धोका याच काळात जास्त असतो.

मधुमेहाच्या नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीवर असलेल्या आणि शुगर आटोक्यात असलेल्या रुग्णाला रोज बोट टोचायला लावू नका. त्याचं औषध त्या आकड्यांवरून बदलणार नसेल तर स्ट्रिपचा खर्च आणि वेदना दोन्ही वाया जातात. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मधल्या काळातली सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, पुरेशी आहे. ज्यांच्या हृदयाचे ठोके सतत अनियमित असतात त्यांच्या बाबतीत आपोआप मोजणारं बीपी यंत्र चुकू शकतं, त्यांचं बीपी दवाखान्यात हाताने मोजावं. डायलिसिससाठी फिस्टुला (रक्तवाहिन्यांची जोडणी) केलेल्या हाताला कफ, म्हणजे बीपी यंत्राचा दंडावरचा पट्टा, कधीच बांधायचा नाही. आणि जे दिवसातून दहा वेळा बीपी मोजून घाबरतात, त्यांना आत्ता या यादीत घेतलं तर त्रासच वाढेल.

यंत्रं

बीपीसाठी दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचं नको. मनगट हृदयाच्या उंचीवर धरणं घरी कोणाला नीट जमत नाही. मॉडेलची अचूकता तपासलेली आहे का, हे ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळाच्या यादीत पाहता येतं. खोक्यावरची ‘क्लिनिकली प्रूव्हन’ ही ओळ पुरेशी नाही.

कफच्या मापाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. यंत्राबरोबर येणारा कफ बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या मध्यावर टेपने घेर मोजा. तो ३४ भरला आणि कफ लहानच राहिला तर बीपी खोटं जास्त येतं, आणि त्या खोट्या आकड्यावर औषध वाढतं. मोठा कफ वेगळा विकत मिळतो; यंत्र घेतानाच मागून घ्या.

ग्लुकोमीटर निवडताना मीटरपेक्षा स्ट्रिपची किंमत आणि गावात ती बाराही महिने मिळते का ते पाहा. मीटर फुकट मिळतो, पण स्ट्रिप संपली की तो कपाटात जातो. अचूकतेसाठी आयएसओ १५१९७:२०१३ हा मापदंड आहे. त्यानुसार ९५ टक्के वाचनं प्रयोगशाळेच्या आकड्याच्या जवळ असावी लागतात: १०० मिलिग्रॅमच्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत आणि त्याच्या वर १५ टक्क्यांच्या आत. म्हणजे मीटरने १६० दाखवलं आणि लॅबचं १४५ आलं तर यंत्र बिघडलेलं नाही. हे रुग्णाला आधीच सांगितलं तर पुढचे वाद टळतात. रक्त फार कमी असलेल्या रुग्णात मात्र मीटर जास्त आकडा दाखवतो. हिमोग्लोबिन माहीत नसेल तर आधी करून घ्या.

वजनकाटा डिजिटल, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. तो सतरंजीवर किंवा शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ठेवला तर रोज वेगळं वजन येतं. फरशीवर जागा ठरवून तिथे खडूने चौकोन आखा.

ब्लूटूथची यंत्रं आत्ता नकोत. आकडा आपोआप पोहोचतो ही त्यांची सोय खरी, पण घरातला एकमेव स्मार्टफोन मुलाबरोबर कामावर जातो आणि यंत्र घरीच राहतं. पडद्याचा फोटो संध्याकाळी पाठवला तरी चालतो. मुलगाही नसेल तर आजीने वहीत लिहावं आणि नर्सने ठरलेल्या वेळी फोन करून विचारावं. आकडे वाचता येत नसतील तर यंत्राची मेमरी कामाला येते. दर पंधरवड्याला यंत्रच दवाखान्यात आणायला सांगा.

शिकवणं: अर्धा तास, प्रत्यक्ष

रुग्णाबरोबर घरातली जी व्यक्ती खरोखर मोजणार आहे तिला बोलवा. दवाखान्यात येतो मुलगा आणि घरी मोजते सून, असं असेल तर सुनेला शिकवा. एकदा तुम्ही करून दाखवा, मग त्यांना तुमच्यासमोर न सांगता करू द्या. जिथे चुकेल तेवढंच पुन्हा दाखवा.

बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी काही नको. ग्रामीण भागात अनेक बायका सकाळी मिश्री लावतात. तीही तंबाखूच आहे आणि तिने बीपी चढतं. ‘तंबाखू खाता का’ विचारलं तर त्या नाही म्हणतील, म्हणून मिश्रीचं नाव घेऊनच विचारा. लघवी करून यावं. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसावं, पाय जमिनीवर टेकलेले, एकावर एक नाहीत. मांडी घालून किंवा पलंगावर पाय लोंबकळत ठेवून बसलं तर आकडा बदलतो. हात टेबलावर, कफ हृदयाच्या उंचीवर, कोपराच्या दोन बोटं वर. ब्लाउजची घट्ट बाही वर सारली की ती दंडाला पट्ट्यासारखी आवळते, त्या दिवशी सैल कपडे घालावेत. पाच मिनिटं शांत बसायचं, टीव्ही बंद, बोलायचं नाही. मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बीपी मोजा. वरच्या आकड्यात सतत १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर जास्त आकड्याचा हात कायम वापरायचा. कफवर पेनाने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ लिहून द्या. त्याच वेळी घरचं यंत्र दवाखान्याच्या यंत्राशी ताडून पाहा: त्याच हातावर, मिनिटामिनिटाच्या अंतराने, आलटून पालटून. सरासरी फरक ५ पर्यंत असला तर ठीक, ५ ते १० असला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा, १० च्या पुढे गेला तर ते यंत्र वापरू नका.

घरी बीपी रोज आयुष्यभर मोजायचं नसतं. सात दिवसांची एक फेरी असते: सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी दोनदा, रात्री दोनदा. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्या सहा दिवसांच्या २४ आकड्यांची सरासरी काढायची. ती १३५/८५ च्या खाली हवी. दवाखान्यातल्या १४०/९० शी घरचा हा आकडा जुळतो. औषध बदललं की चार आठवड्यांनी पुन्हा एक फेरी. दर सोमवारी तीनच रुग्णांची फेरी सुरू केली तर १२ जण चार आठवड्यांत होतात आणि नर्सवर एकदम भार पडत नाही.

शुगरसाठी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. आंबा कापून किंवा गूळ फोडून तसंच बोट टोचलं तर मीटर २५० सुद्धा दाखवेल आणि ती शुगर बोटावरची असेल. स्पिरिट लावलं तर ते वाळू द्यायचं. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचलं तर कमी दुखतं. स्ट्रिपची डबी लगेच बंद करायची. डबी उघडल्याची तारीख झाकणावर लिहायची, कारण बऱ्याच कंपन्यांच्या स्ट्रिपा उघडल्यानंतर ठरावीक महिनेच चालतात. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात स्ट्रिपा खराब होतात; बहुतेकांवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं. माठाशेजारची थंड, पण कोरडी जागा बरी.

कधी मोजायचं ते औषधावर ठरवा. रात्रीच्या इन्सुलिनवर असलेल्याला उपाशीपोटीचा आकडा महत्त्वाचा, जेवणाआधीच्या इन्सुलिनवर असलेल्याला जेवणानंतर दोन तासांचा. एकादशी, नवरात्र आणि श्रावण हे दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. साबुदाणा आणि बटाट्याने शुगर चढते, तर निर्जळी उपवासात ग्लिमेपिराइड चालूच ठेवली तर ती धोकादायकपणे खाली जाते. उपवासाच्या आदल्या दिवशी नर्सने स्वतः फोन करावा.

वजन सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यावर, चहाआधी, रोज साधारण सारख्याच कपड्यांत.

आकडा आला, पुढे काय

कोणत्या आकड्याला काय करायचं याचा लाल, पिवळा, हिरवा असा तक्ता डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णासाठी स्वतः भरायचा आहे. खालचे आकडे सुरुवातीला धरता येतील. वय, किडनी आणि इतर आजार पाहून बदला.

लाल, म्हणजे त्याच क्षणी डॉक्टरांना सांगायचं: बीपी १८०/११० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, तीव्र डोकेदुखी, बोलणं अडखळणं असं काही असेल तर थेट १०८. लक्षण नसेल तर पाच मिनिटं बसवून पुन्हा दोनदा मोजायचं, आणि तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी तपासणी. ‘एक गोळी जास्त घ्या’ असं नर्सने किंवा शेजाऱ्याने सांगायचं नाही.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजणं. बिस्किट किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. ५४ च्या खाली आकडा गेला, किंवा ग्लिमेपिराइडवरच्या माणसाची शुगर एकदाही खाली गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं व्हायलाच हवं; या गोळीचा परिणाम लांबतो आणि काही तासांनी शुगर पुन्हा पडू शकते. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये.

हार्ट फेल्युअरमध्ये तीन दिवसांत २ किलोहून जास्त वजन वाढलं तर ते पाणी साचल्याचं लक्षण धरा. पायाची सूज आणि दम पुष्कळदा त्यानंतर येतात, म्हणून हा आकडा मोलाचा आहे.

पिवळा, म्हणजे त्या दिवशी फोन: बीपीची सरासरी १३५/८५ च्या वर, वरचा आकडा १०० च्या खाली आणि चक्कर, सलग तीन दिवस उपाशीपोटी शुगर १८० च्या वर, वजन दोन दिवसांत एक किलोने वाढलेलं. फोनवर नर्सने आधी औषध न सुचवता चार गोष्टी विचारायच्या. गोळ्या चुकल्या का? कुठलं वेदनाशामक घेतलं का? लोणचं, पापड, सुकट जास्त झालं का? मोजताना काही वेगळं घडलं का? डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेनसारखी औषधं बीपी वाढवतात, अंगात पाणी धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या पाकिटाचा उल्लेख रुग्ण आपणहून करत नाही, म्हणून पाकीट हातात घेऊन नाव वाचायला सांगा.

आकडा न येणं हेही पिवळ्यात धरा. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं वजन दोन दिवस आलं नाही तर फोन करा. आजारी पडलेला माणूसच काट्यावर उभा राहायचा थांबतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. तिथे वापरलेल्या ‘सिंपल’ या ॲपमध्ये भेट चुकलेल्या रुग्णांची यादी वेगळी दिसते, म्हणजे फोन कोणाला करायचा ते शोधावं लागत नाही. तुमच्या वहीतही तसाच एक रकाना ठेवा: ‘आज यायला हवा होता, आला नाही.’

हिरव्या, म्हणजे ठीक असलेल्या आकड्यालाही उत्तर द्या. ‘मिळालं, ठीक आहे, गोळ्या तशाच चालू ठेवा’ एवढं पुरे. पंधरा दिवस उत्तर न मिळालेला रुग्ण सोळाव्या दिवशी पाठवत नाही.

बिघाड कुठे होतो

सगळे आकडे १३०/८०, १२०/८०, १४०/९० असे शून्यावर संपणारे येत असतील तर ते अंदाजाने लिहिलेले आहेत. डिजिटल यंत्र १३३/७८ असं काहीतरी दाखवतं. रागावू नका, डॉक्टर ओरडतील या भीतीनेच लोक चांगले आकडे लिहितात. यंत्राची मेमरी एकत्र बसून पाहा आणि वाईट आकडा कळवल्यानेच औषध नीट बसवता येतं हे समजवा.

सेल बदलल्यावर अनेक यंत्रांची तारीख-वेळ मूळ पदावर जाते. सकाळचा आकडा रात्रीचा दिसतो आणि उपाशीपोटीच्या शुगरवरून चुकीचा निर्णय होतो. दर भेटीत यंत्राचं घड्याळ पाहा. एकाच यंत्रावर नवरा-बायको दोघं मोजत असतील तर आकड्यांची सरमिसळ होते. दोन वापरकर्त्यांची सोय असलेलं यंत्र घ्या किंवा फोटोसोबत नाव लिहायला सांगा.

ऑक्सिमीटर श्वसनाच्या जुन्या आजाराच्या रुग्णालाच द्या. नेलपॉलिश, मेंदी आणि थंड बोटं यांमुळे तो चुकतो आणि सावळ्या त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतो. सीओपीडी या श्वसनाच्या जुन्या आजाराच्या काही रुग्णांसाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं; ‘९५ हवं’ म्हणून घरी सिलिंडरचा ऑक्सिजन वाढवला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. त्यामुळे प्रत्येकाचं लक्ष्य यंत्राच्या मागे चिकटपट्टीवर लिहून द्या.

महिन्याच्या शेवटी

किती आकडे जमले ते मोजत बसू नका. तीनच गोष्टी पाहा: सुरू केलेल्यांपैकी किती जण अजून पाठवतात, लाल-पिवळ्यांपैकी कितींना त्याच दिवशी फोन गेला, आणि बीपीच्या रुग्णांपैकी कितींची सरासरी १३५/८५ च्या खाली आली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘सगळ्यांना’ असं येईपर्यंत एकविसावा रुग्ण घेऊ नका.

ज्यांची बीपीची सरासरी दोन फेऱ्या सलग चांगली आली त्यांना तीन महिन्यांतून एका फेरीवर आणा. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं वजन सहा-आठ आठवडे स्थिर असेल तर त्याने मोजणं रोज चालू ठेवावं, पण कळवणं आठवड्यातून एकदा आणि वाढलं तर लगेच. मोकळी झालेली जागा नुकत्याच रुग्णालयातून सुटलेल्या पुढच्या रुग्णाला द्या. त्याच्या डिस्चार्ज कार्डावरचं वजन पाहून घ्या आणि पहिल्या दिवशी घरच्या काट्यावरचं वजन शेजारी लिहा. पुढची सगळी तुलना या घरच्या आकड्याशी करायची आहे.